टपावरची नाव

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

त्या सकाळी मी तांदूळ निवडत होते. दूध गॅसवर होतं, पाणी जाणार म्हणून पिंप भरायचं बाकी होतं, आणि मोरीत कपडे भिजत पडले होते. हे मागच्या दारातून आत आले, कानावर पेन्सिल, हातात मेजरपट्टी, आणि म्हणाले, "जरा स्टुलावर बस. पाय पुढे कर."

मी म्हटलं, "दूध उतू जाईल."

"एक मिनिट बस गं."

बसले. त्यांनी गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं, बसायची उंची मोजली, रुंदीसुद्धा मोजली. मला हसू आलं आणि रागही आला. विचारलं, हे काय चाललंय, तर म्हणाले, तुला खाली बसता येत नाही ना, उंच पाट करतो. तेवढ्यात दूध गेलंच. ओटा पुसता पुसता मी त्यांना बरंच बोलले.

पाट काही झाला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. तीन वर्षं होऊन गेली त्याला. आज ओटा पुसताना आठवलं.

ही डायरी बियाणांच्या दुकानातून दर वर्षी ह्यांच्या नावाने येते. ह्या वर्षीही आली. दुकानदाराला माहीत नाही असं नाही, मार्चमध्ये तो स्मशानात आला होता. सवयीने दिली असेल. हे तिच्यात मापं लिहायचे. मी काय लिहू? माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांतून आलं, तेही ह्यांच्या कार्डावर. अजून त्याच कार्डावर आणते. ग्रंथपाल बाई रजिस्टरात त्यांचंच नाव लिहितात. मी बदला म्हणत नाही.

६ जानेवारी, सोमवार

लेकीचा, अंतराचा, पुण्याहून फोन. परसातल्या नावेला गिऱ्हाईक मिळालं म्हणाली. तिने नावेचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. नेरळच्या बाजूला कुणाचं तरी फार्महाऊस आहे, ते गृहस्थ २६ तारखेला टेंपो घेऊन येणार.

"एवढ्याशा नावेत ते काय करणार?" मी विचारलं.

"आई, ते गेटपाशी ठेवणार आहेत. आत माती घालून फुलझाडं लावणार. छान दिसतं ते."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मागे जाऊन नावेवरचं प्लास्टिक काढलं. नऊ फूट लांब. हिरवा रंग, आतून पिवळा. दोन फळ्या बसायला. ह्यांची वखार होती, लाकडाची जाण होती, पण नाव कधी बांधली नव्हती. वखार विकल्यावर चार वर्षं हिच्यातच गेली. रंगाचा शेवटचा हात वाळला आणि पाच दिवसांनी हे गेले. पाण्याला अजून लागलेली नाही.

मला ही नाव आवडत नसे. चार वर्षं संध्याकाळी मी आत आणि हे मागे. विचारायचे, "बसशील ना हिच्यात?" मी म्हणायची, "मला पाण्याची भीती वाटते." खरं तर भीती नव्हती. राग होता. लग्न होऊन आले तेव्हा मीच त्यांना सांगितलं होतं की शेलूला, माहेरी, मामाच्या डोंगीतून एकदा नदी ओलांडली होती, नऊ वर्षांची असताना, पाण्यात हात सोडून. नंतर कधी बसले नाही. कुणी बसवलंच नाही.

माती घालणार म्हणे.

९ जानेवारी, गुरुवार

आवडी आली. गुरुवारी ती चौक गावाच्या पलीकडून, धरणाकाठच्या वाडीवरून एसटीने कर्जतच्या बाजाराला येते. बाजार झाला की आमच्या दहिवलीच्या ओट्यावर येऊन टेकते. वीस वर्षं झाली. आज करांद्याचे कंद होते तिच्या पाटीत. चहा दिला.

तिचा नवरा वाघ्या ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरतो. पावसाळ्यात ती ट्यूब भर पाण्यात फुटली. पोहून निघाला. "तवापासून तो पाण्यात गेला का माजा जीव काठावर," आवडी म्हणाली. "नवी ट्यूब आनलीय, पन तीबी फुटायचीच ना कवातरी."

मी तिला मागे नेऊन नाव दाखवली. तिने पदराने धूळ पुसली.

"अण्णा दोनदा आलते आमच्याकडं," ती म्हणाली. "जीप घेऊन. काठ बघत फिरले. कुठं उतरायला सोपं पडंल ते बघत होते. पायरीवानी दगड हाय एक, तो त्यांना पसंत पडला."

मला हे माहीत नव्हतं. मला सांगायचे की मालोजींकडे जातो. मालोजी ह्यांचे मित्र, मांडव-डेकोरेशनवाले. नाव पाण्यात घालायला बरी जागा बघत असतील.

आवडी गेल्यावर अंतराला फोन केला. "त्या माणसाला नाही म्हणून सांग. नाव वाघ्याला देते."

"आई, तू तिथपर्यंत नेणार कशी?"

ते मला माहीत नव्हतं. तसं सांगितलंही.

"रविवार सव्वीसपर्यंत वाट बघते," ती म्हणाली. "तोवर तुझं जमलं नाही तर त्यांना येऊ देते. चालेल?"

चालेल म्हटलं.

११ जानेवारी, शनिवार

टेंपोवाल्याला विचारलं. चौकपर्यंत येतो म्हणाला, पण पुढे वाडीच्या उतारावर गाडी घालणार नाही. तिथून पाणी दोन किलोमीटर. नाव हातावर कोण नेणार?

तिथे ह्यांची जीप जायची. ती परसातच उभी आहे, कापडी टपाची. टपाचं कापड दोन वर्षांपूर्वी मीच शिवून घेतलं होतं. गॅरेजवाल्या रूपेशने कागद बघून सांगितलं, "काकू, ३१ तारखेला कागद संपतात. परत करायचे तर गाडीत एवढं काम निघेल की परवडायची नाय. भंगारात द्या." चालू होईल का, विचारलं, तर हसला. बॅटरी लावली, सहा वेळा खाकरली आणि चालू झाली. त्या आवाजाने मी आत जाऊन बसले थोडा वेळ. पूर्वी हा आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायची.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगुळाच्या वड्या केल्या. सवयीने ताटभर झाल्या. समोरून बायका हळदीकुंकवाला जात होत्या. माझ्या दारावरून जाताना आवाज कमी करत होत्या. वाईट कुणीच नाही त्यांच्यात. संध्याकाळी वड्या डब्यात भरल्या आणि वाचत बसले. तेच पान तीनदा वाचलं.

१६ जानेवारी, गुरुवार

चालक मिळाली. चौथ्या घरातली सुनिता, शाळेची व्हॅन चालवते. वड्या द्यायला गेले होते, तिला सगळं सांगितलं.

"जीप? अण्णांची? ती चालवायला मी फुकट येते," ती म्हणाली. "तीस पोरं घेऊन हिंडते मी रोज. एक नाव काय, निदान उलटी तरी करायची नाय ती."

१९ जानेवारी, रविवार

फजिती झाली. मालोजींनी दोन माणसं पाठवली होती. त्यांनी नाव उचलून उपडी जीपच्या टपावर ठेवली. क्षणभर वाटलं, झालं. मग कापड पोट सुटल्यासारखं खाली आलं आणि आतली लोखंडी कमान कुईं करून वाकली.

"उचला, उचला!" सुनिता ओरडली. "काकू, हा टप म्हंजे छत्री हाय. छत्रीवर कुनी खाट ठेवतं का?"

नाव परत विटांवर. कमान वाकडी ती वाकडीच. हे असते तर ओरडले असते, मग स्वतःच हसले असते. मी दोन्ही केलं नाही. रात्री जेवले नाही, कारण नव्हतं. मला कशाला हा उद्योग? फुलझाडं लावली तर काय बिघडतं? लोक फोटो तरी काढतील. इथे नुसतीच पडून होती.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी मालोजी स्वतः आले. ह्यांच्यापेक्षा उंच, सत्तरीचे, पण बांबूवर अजून माकडासारखे चढतात. जीपभोवती फिरले, वाकडी कमान बघितली.

"वहिनी, मांडवाचं वजन कापडावर नसतं. खांबावर असतं. टप काढून टाकू. चार बांबू गाडीच्या पोटात उभे करू, वर आडवे बांधू. मांडवच घालू आपण जीपमध्ये. कापडाची घडी करून मागं ठेवा."

इतकं सोपं होतं.

चहा पिताना मी म्हटलं, "तुमच्यासाठीच केली होती ना ही? दोघं मासे धरायला जाणार होतात."

"मला कुठं मासे खाता येतात आता," ते म्हणाले. "एकदा पुढच्या फळीवर बसायला गेलो तर अंगावर धावून आला. ऊठ म्हणे तिथून. बसायचं तर मागं बस."

रंग ओला असेल. रंगाच्या बाबतीत हे फार काटेकोर. पण स्वतःसाठी नव्हती असं मालोजी उगाच म्हणत असतील. मला वाईट वाटू नये म्हणून. रोज संध्याकाळी दोघांचं तिथे हसणं चालायचं, मला आत ऐकू यायचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

बांबूंवर घासून नावेचा रंग जाऊ नये म्हणून मालोजी गोणपाट घालणार होते. मी म्हटलं, नको, चुंबळ करते. पेंढ्याची मोठी चुंबळ. हंडे काय थोडे वाहिलेत डोक्यावरून? चार चुंबळी वळल्या, थाळीएवढ्या. दोन दिवस लागले. बोटं सोलली, पण बरं वाटलं. मालोजी म्हणाले, "वा." त्यांचं वा सहसा निघत नाही.

२६ जानेवारी, रविवार. रात्री

सगळं नीट लिहिते.

सुनिता शाळेचं झेंडावंदन उरकून साडेनवाला आली, कुर्त्यावर तिरंग्याची टाचणी. मालोजी आणि त्यांची माणसं आधीच लागली होती. पहिला बांबू जीपमध्ये उभा केल्यावर मालोजींनी त्याला आंब्याचा टहाळा बांधला. मांडवाच्या पहिल्या खांबाला बांधतात तसा, हाताच्या सवयीने. मग हळदकुंकू हवं म्हणून माझ्याकडे वळले आणि थबकले.

"सुनिता, तू लाव गं," ते म्हणाले.

"मी कशाला? नाव काकूंची, गाडी काकूंची. मी डायवर."

"तसं नाय, बाई..."

"मामा, बांबूला कळतं काय, कुनी लावलं ते? उशीर होतोय. काकू, लावा."

मी लावलं. मालोजींनी दुसरीकडे बघितलं, पण मग मान डोलावली.

नाव उपडी चढवली, चार चुंबळींवर. पुढचं टोक काचेच्या वर टोपीच्या पुढच्या कडेसारखं आलं. पुढून बंपरला दोरी, मागून दोरी, मधून दोन. मालोजींनी हात मारून बघितलं. नाव हलली नाही. "वाटेत थांबून गाठी बघा," ते म्हणाले. त्यांना दुपारी एक लग्न होतं, ते आले नाहीत.

मी मागे बसले, बांबूंच्या मध्ये, कापडाच्या घडीवर. डोक्यावर नाव. कर्जतच्या चौकात प्रभातफेरी संपत होती. पोरं आम्हाला बघून टाळ्या वाजवायला लागली. एक गृहस्थ हात करून विचारतो, "कुठल्या शाळेचा चित्ररथ?"

सुनिता म्हणाली, "आदर्श मत्स्यविद्यालय, दहिवली!" आणि गाडी दामटली. पोलीस हवालदारही हसला. "मावशी, समुद्र तिकडं हाय," म्हणाला. मीही हसले. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

त्या हसण्यातच गाठी बघायच्या राहिल्या.

वावर्ल्याच्या पुढे खड्डे सुरू झाले आणि डोक्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. वर बघते तर नाव डावीकडे सरकत होती. दोऱ्या ढिल्या, पाळण्यासारख्या. मी उभी राहिले आणि दोन्ही हात वर करून तिचा काठ धरला. "सुनिता, थांब!" वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. एका वळणावर सगळं वजन माझ्या हातावर आलं. मी ओरडत होते आणि काय ओरडत होते ते आता लिहिते, कारण ही डायरी कुणी वाचणार नाही. मी ह्यांचं नाव घेऊन ओरडत होते. अख्ख्या संसारात कधी घेतलं नव्हतं.

सुनिताने आरशात बघितलं असावं. गाडी थांबली.

माझ्या चुंबळी. पेंढा दबून पोळीसारखा चपटा झाला होता. जेवढा दबला तेवढी दोरी सैल. मी कपाळावर हात मारला. सुनिता एक चुंबळ हातात घेऊन बघत राहिली.

"काकू, डोक्यावर चुंबळ असते तेव्हा खाली मान असते. ती सांभाळून घेते. बांबूला मान कुठंय?"

रस्त्याच्या कडेला बसून मी रडले. नावेसाठी नाही. एवढं साधं आपल्याला कळू नये म्हणून. सुनिताने पाणी दिलं. मग तिचं लक्ष मागच्या कापडाकडे गेलं.

"हा टप आहे की. जाड आहे, दबायचा नाय."

शेतातले दोघे जण मदतीला आले. नाव उचलली, चुंबळी काढून त्यांच्या बैलांपुढे टाकल्या, टपाची घडी उलगडून पुन्हा लांबट घातली आणि बांबूंवर पसरली. त्यावर नाव. गाठी मी स्वतः आवळल्या. जो टप नावेखाली वाकला होता, तोच घडी करून तिच्याखाली बसला. पुढे दर दोन मैलांवर मी गाडी थांबवली. सुनिता म्हणाली, "काकू, एसटी झाली आपली." पण थांबली.

चार वाजता वाडी. उताराला सुनिता ओठ दाबून गिअर टाकत होती. खाली पाणी दिसलं, उन्हात पांढरं. वाघ्या, आवडी आणि पाच-सहा जण वर आले होते. नाव उतरवली, सुलटी केली. डाव्या काठावर रंग हातभर खरवडला होता. वाघ्याने त्यावर बोट फिरवलं. "मासं काय रंग बगून येत न्हाईत," म्हणाला. आवडीने त्याला कोपर मारलं.

नारळ फोडला. नाव पाण्यात ढकलली. ती थोडी डुलली आणि उभी राहिली. थोडं पाणी आत आलं, एका सांध्यातून, पण वाघ्या म्हणाला, डांबर लावतो, होईल. एवढंच झालं. चार वर्षं आणि दहा महिने, आणि एवढंच झालं.

आवडी म्हणाली, "आई, बसा."

"मला भीती वाटते," मी म्हटलं. सवयीने आलं तोंडातून.

"तो दगड हाय बगा, त्याच्यावरून नुसता पाय टाकायचा. अण्णांनी बघून ठेवलेला."

दगड सपाट होता, माझ्या घरच्या पायरीएवढ्या उंचीचा. गुडघा न वाकवता पाय नावेत गेला. वाघ्या मागच्या फळीवर वल्हं घेऊन बसला होता. मी पुढच्या फळीवर बसले.

ती फळी मागचीपेक्षा चार बोटं उंच आहे. हे आज कळलं. समोर पाय टेकायला आडवी पट्टी मारली आहे. माझी पावलं तिला बरोबर टेकली. गुडघा दुखला नाही. मालोजी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. त्यांचे पाय तिथे मावलेच नसते.

वाघ्याने मधोमध नेलं. काठावर सुनिता आणि आवडी काहीतरी ओरडून हसत होत्या, ते इथपर्यंत पोचत नव्हतं. मग मी उजवा हात काठावरून सोडला. पाणी गार होतं.

परत येताना वाघ्याने विचारलं, "आई, पुढची फळी काढू का? जाळं ठेवाया जागा व्हईल."

"नको," मी म्हटलं. "ती राहू दे. जाळं मागे ठेव."

"बरं."

काठाला आल्यावर त्याने नाव एका झाडाला बांधली, आमच्याच दोरीने. ती दोरी वावर्ल्याला घासून पिंजली होती. मी बोलून दाखवलं, तर म्हणाला, चालतंय तवर चालतंय.

घरी यायला अंधार झाला. टप परत चढवायचं त्राण नव्हतं, उघड्या जीपमधूनच आलो. थंडी वाजली. अंतराचा फोन आला, "आई, त्या माणसाला काय सांगू?" मी म्हटलं, सांग, नाव पाण्यात गेली. ती म्हणाली, "बुडाली?"

"नाही गं," मी म्हटलं.

२७ जानेवारी, सोमवार

दोन्ही दंड दुखत होते. उशिरा उठले. रूपेशला सांगितलं, ३१ला येऊन जीप घेऊन जा, टपाचं कापड तेवढं ठेव. मग बाजारात गेले आणि नायलॉनची दोरी घेतली, तीस हात. येताना स्टँडवर जाऊन चौकला जाणारी गुरुवारची एसटी किती वाजता सुटते ते विचारून आले.